ज्येष्ठता यादीतलं पहिलं नाव

"सोनटक्के मॅडम, तुम्हीही थांबा. तुमच्याच खोलीचा विषय आहे," असं म्हणत डॉ. खानझोड्यांनी टेबलावरचं पत्र मिटकरभाऊंपुढं सरकवलं.

खानझोडे आमच्या उपजिल्हा रुग्णालयाचे अधीक्षक. मी आणि बाबाराव मिटकर तिथले एक्स-रे टेक्निशियन, सरकारी कागदावर क्ष-किरण तंत्रज्ञ. मी तेव्हा त्रेचाळीसची होते. मिटकरभाऊंच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

त्यांनी चष्मा चढवला, पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"साहेब, हे पॉइंट सदतीस असंल. पॉइंट द्यायचा राहून गेला त्यायचा."

"मलाही तसंच वाटलं. मुंबईला फोन करून विचारलं. सदतीसच आहे."

छातीला लावायचा एक छोटा बॅज असतो आमचा. अंगावर किती किरणं पडली ते तो निमूट टिपून ठेवतो. दर तीन महिन्यांनी तो मुंबईला मोजायला जातो आणि दीडदोन महिन्यांनी आकडे येतात. तीन महिन्यांत दहाच्या वर आकडा गेला की चौकशी लागते. एकवीस वर्षांत माझा आकडा एकाच्या वर गेला नव्हता आणि मिटकरभाऊंचा एकतीस वर्षांत. त्या दिवशी माझ्या नावापुढं शून्य होतं आणि त्यांच्या नावापुढं सदतीस.

"दोन रस्ते आहेत," खानझोडे म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला भानगड नको होती. "एक, किरणं खरंच अंगावर पडली. मग मुंबईहून तपासणीला माणसं येतील, तोवर मशीन बंद, खोलीला कुलूप. महिना लागेल, चार लागतील. दोन, बॅज तुम्ही चुकून आत विसरलात, अंगावर काही पडलं नाही. तसं लिहून दिलंत तर मी तुम्हाला ताकिदीचा एक मेमो देतो आणि विषय इथंच संपतो."

"आणि तेवीस तारीख?" मिटकरभाऊंनी विचारलं.

खानझोड्यांनी पेन उघडलं आणि बंद केलं. "चौकशी चालू असलेल्याचं बढतीचं पाकीट समिती उघडत नाही. मेमो मिळालेल्याचं उघडते, पण नाव पुढं सरकवत नाही. तुम्हाला काय सांगायचं, मिटकर."

त्या दिवशी बारा तारीख होती.

आता तेवीस तारखेचं सांगते. सरकारी दवाखान्यात डॉक्टर चढत जातो, नर्ससुद्धा मेट्रनपर्यंत पोचते. रक्त तपासणारे, औषधं देणारे, हाडांचे फोटो काढणारे आम्ही मात्र ज्या खुर्चीत बसतो त्याच खुर्चीतून हार घालून घरी जातो. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एक्स-रेवाल्यांना वर जायला एकच जागा होती, जिल्हा रुग्णालयातली वरिष्ठाची. ती रिकामी झाली होती आणि पदोन्नती समिती नऊ वर्षांनी बसत होती. ज्येष्ठता यादीत पहिलं नाव बाबाराव मिटकर, दुसरं प्रमिला सोनटक्के.

यादी लागली त्या दिवशी मिटकरभाऊंनी सगळ्यांना पेढे वाटले होते. मला म्हणाले होते, "सात महिने तं सात महिने, बाई. दारावर पाटी लागली पायजे फक्त. आमच्या पोरीनं लहानपणी विचारलं होतं, बाबा तुमी कोणाचे साहेब हाय? तवा मले उत्तर नव्हतं."

मी हसले होते. पण ती जागा मलाही तेवढीच हवी होती. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बहात्तर किलोमीटर एसटीनं जिल्ह्याला जायचं, चार तास मशीनला, आणि तसंच पिळून काढलेल्या अंगानं परत. बदलीसाठी मी तीन अर्ज केले होते. तिन्हींवर एकच शेरा आला, "पद रिक्त नाही". मला त्या पाटीशी काही देणंघेणं नव्हतं. वरिष्ठाला दवाखान्याच्या आवारातच क्वार्टर मिळायचं, तिथून डायलिसिसचा वॉर्ड दीडशे पावलांवर.

लोक म्हणायचे, सात महिन्यांनी मिटकर निवृत्त झाले की तुझाच नंबर. सरकारी सात महिने कसे असतात ते लोकांना माहीत नसतं. नऊ वर्षांनी बसलेली समिती उठली की पुन्हा कधी बसेल ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं, आणि माझ्या नवऱ्याकडं तेवढा वेळ नव्हता.

खानझोड्यांच्या खोलीतून आम्ही आमच्या खोलीत आलो. मिटकरभाऊ स्टुलावर बसले. बाहेर चार पेशंट ताटकळत होते.

"पोट्टे धरून धरून झालं असंल," ते म्हणाले. लहान मुलं फोटोला स्थिर राहत नाहीत, त्यांना कुणीतरी धरावं लागतं. आईला धरू द्यायचं नाही, ती पोटुशी असली तर काय घ्या, म्हणून मिटकरभाऊ स्वतः धरायचे. "ॲप्रनचं शिसं आतून फाटलं असंल. दिसत नाही ना ते वरतून."

मी फिल्मचा खोका उघडून फिल्म मोजत बसले. मोजायचं काही कारण नव्हतं.

"बाई, एक विचारतो. मी पोरीच्या बाळंतपणाले नऊ दिवस सुट्टीवर गेलतो, तवा माया ॲप्रन कुठं होता?"

"जागेवर होता, भाऊ. मी हातसुद्धा लावला नाही."

दुसरं वाक्य त्यांनी विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

खरं काय ते आता लिहिते. नियम असा की बॅज अंगावर लावायचा आणि घरी जाताना बाहेरच्या कपाटात ठेवायचा. आमची रीत अशी की तो शिशाच्या ॲप्रनच्या आतल्या बाजूला कायमचा अडकवून ठेवायचा, म्हणजे विसरायची भानगड नको. मिटकरभाऊ सुट्टीवर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्नाचा टेम्पो उलटला आणि चौतीस माणसं आली. माझ्या ॲप्रनला चिरा पडल्या होत्या, नव्याची मागणी चार वर्षं लालफितीत होती. मी मिटकरभाऊंचा ओढला, त्यांच्या बॅजसकट. एका मुलीचा मोडलेला हात धरून फोटो काढला, घाईघाईत ॲप्रन उतरवला आणि छातीच्या फोटोच्या स्टँडमागच्या खुंटीला टांगला. आतली बाजू बाहेर, बॅज मशीनकडं तोंड करून. मग तो मी विसरले. पुढचे सात दिवस क्षयरोगाची मोहीम होती, दिवसाला साठ-साठ छात्या. आमच्या जुन्या मशीनची किरणं माणसापेक्षा मोठ्या चौकटीत पडायची. मिटकरभाऊ यायच्या दिवशी मला तो दिसला, मी उचलून जागेवर ठेवला. सांगू म्हटलं, पण ते नात झाल्याचे पेढे घेऊन आले होते आणि राहून गेलं. माझा बॅज तेवढे दिवस माझ्या फाटक्या ॲप्रनला बाहेर निवांत लटकत होता, म्हणून माझ्यापुढं शून्य.

म्हणजे मिटकरभाऊंच्या अंगावर किरणांचा कणही पडला नव्हता. मी चार ओळी लिहून दिल्या असत्या की मेमो मला आला असता, त्यांचं पाकीट उघडलं असतं, आणि मी यादीतून कायमची बाद झाले असते. मी स्वतःला सांगितलं, अकरा दिवस फक्त. समिती होऊ दे, मग सांगून टाकू.

सोळा तारखेला, रविवारी, मिटकरभाऊंच्या नातीचं उष्टावण होतं. न जाऊन चालणार नव्हतं. आमच्याकडं बाळाला पहिला घास मामा भरवतो, बाळाला मांडीवर घेऊन. त्यांच्या लेकीला भाऊ नाही, म्हणून तो मान आजोबांचा ठरला होता. पाट मांडला होता, चांदीच्या वाटीत खीर होती, त्यांच्या पत्नी वेणूताई बाळाला नवं झबलं घालून उभ्या होत्या.

"या ना हो, बसा पाटावर," वेणूताई म्हणाल्या.

"कंबर धरली मायी," मिटकरभाऊ दारातूनच म्हणाले. "खाली बसणं होत नाही. तो शेजारचा गजानन बसू द्या."

"अवं, खुर्चीवर बसा. पोरगी वर देतो."

"म्हटलं ना, गजाननले बसवा."

बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. लेकीचा चेहरा उतरला, तिला वाटलं मुलगी झाली म्हणून बाबा मांडीवर घेत नाहीत. शेवटी गजानन बसला आणि कुणाचा कोण त्या माणसानं पहिला घास भरवला. मिटकरभाऊ दाराची चौकट धरून लांबून बघत होते.

मी त्यांच्यामागं अंगणात गेले.

"भाऊ, असं काय करता? तुम्हाला तरी हे सांगायला पाहिजे का? किरणं अंगात राहत नाहीत."

"मले माईत हाये, बाई. लाइट बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच हे. तीस वर्षं मीच सांगत आलो लोकायले." ते आपल्या हातांकडं पाहत होते. "पण हात समोर होत नाही. पाचव्या महिन्यातली पोरगी हाये. उद्या मायं रक्त खराब निघालं, अन् मंग तिलेबी काही झालं, तं मी काय करू?"

"घरी सांगितलंत?"

"नाही. घाबरतीन. तुमीबी बोलू नका."

त्या क्षणी माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढ्यात वेणूताई खिरीच्या वाट्या घेऊन आल्या आणि मी खीर खाल्ली. गोड होती.

अठरा तारखेला डायलिसिसहून परतताना ह्यांना बसमध्ये उलटी झाली. मागच्या सीटवरच्या बाईच्या लुगड्यावर उडाली, गलका झाला आणि कंडक्टरनं आम्हाला मधेच उतरवलं. रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर ह्यांना बसवलं. ऊन चढलं होतं. पुढची बस दीड तासानं होती. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"प्रमिला," हे म्हणाले, "मी आता बसमध्ये चढणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ. डायलिसिस नको, काही नको. घरी पडू दे."

पुलाखाली कोरडा ओढा होता, त्यात कुणीतरी मेथी लावली होती. मी त्या हिरव्या वाफ्यांकडं बघत होते आणि माझ्या मनात मिटकरभाऊ नव्हतेच. फक्त दीडशे पावलं होती.

वीस तारखेला दुपारी पेशंट संपल्यावर मिटकरभाऊ कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसले.

"तुमचं अक्षर चांगलं हाये, बाई. एवढं लिहून द्या. मायं नाव टाका, सही मी करतो."

"काय लिहू?"

"बॅज मी आत विसरलो म्हणून. खोटं हाये, पण काय करता? चौकशी लागली तरी माया नंबर जाते, मेमो भेटला तरी जाते. मंग निदान मशीन तं चालू राहील. ज्याचं हाड मोडलं त्यानं बहात्तर किलोमीटर काऊन जावं? तुमचे मालक जातेत ना, तुमाले माईत हाये कसं होते ते."

मी पेन धरलं. कागद उगाच दोनदा सरळ केला, ते त्यांनी पाहिलं आणि त्याचा भलताच अर्थ काढला.

"जिवाले लावून घेऊ नका. तुमचा नंबर लागते आता. चांगलं झालं. भाऊजीले तिथं क्वार्टरात नेऊन ठेवजा. मले पाटी काय, भिंतीले खिळा कमी ठोकला जाईल."

मी लिहायला लागले. "मी, बाबाराव संपतराव मिटकर, क्ष-किरण तंत्रज्ञ, लिहून देतो की, माझ्या निष्काळजीपणामुळे माझा बॅज क्ष-किरण कक्षात छातीच्या स्टँडमागील खुंटीस सात दिवस टांगलेला राहिला. त्यामुळे सदर नोंद झाली असून प्रत्यक्ष माझ्या अंगावर..."

ते माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"स्टँडमागं? सात दिवस?"

मी कागदावरून पेन उचललं नाही. "काहीतरी जागा लिहावी लागेल, भाऊ. नाहीतर मुंबईवाले विचारतील."

"हो, ते बी बरोबर." त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, सही केली, खाली तारीख घातली. "वाचून मलेच खरं वाटून राह्यलं," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खानझोड्यांकडं गेले.

माझी चूक, माझ्या अक्षरात, त्यांच्या नावावर. एकही शब्द खोटा नव्हता, फक्त माणूस दुसरा होता.

तेवीस तारखेला समिती बसली. एप्रिलमध्ये मला आदेश मिळाला. निरोप समारंभात शाल मिटकरभाऊंनीच घातली. त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं, नाही सांगितलं. मग ठरवलं क्वार्टर मिळाल्यावर, मग दिवाळीनंतर. एकदा आदेश निघाल्यावर सांगितलं तर तो रद्द होईल, ही भीती रोज सकाळी माझ्याआधी उठायची. मिटकरभाऊ सप्टेंबरात निवृत्त झाले, ज्या खुर्चीत बसले होते तिच्यातूनच.

सहा महिने हे चालत डायलिसिसला गेले. जाताना वाटेत कडुनिंबाखाली दोन मिनिटं थांबायचे, वॉर्डातल्या शिपायाशी क्रिकेटवर भांडायचे. ते सहा महिने मी चोरले होते आणि ते सुखाचे होते, हे मी नाकारणार नाही. ऑक्टोबरात हे गेले.

तेरावं झालं आणि मला कळलं की आता गप्प राहायला माझ्याकडं काही कारण उरलेलं नाही. तरी मी महिना काढला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एसटीनं मिटकरभाऊंच्या घरी गेले.

ते ओसरीत खुर्चीवर बसले होते. गालफडं आत गेली होती, शर्ट दोन माणसांचा वाटत होता. लेक शाळेत शिकवायला जायची, म्हणून नात दिवसभर आजी-आजोबांकडं असायची. ती भिंत धरून चालायला लागली होती. मला पाहून ती हसली आणि वळून आजोबांच्या खुर्चीकडं दुडदुडत निघाली. वेणूताई आतून झपकन आल्या, तिला मधेच उचललं आणि आत घेऊन गेल्या. रोजची सवय होती ती.

"यायले तिचं जवळ येणं चालत नाही," वेणूताई आतूनच म्हणाल्या. "भांडेबी वेगळे ठेवले यायनं. खाट अंगणात."

मिटकरभाऊंनी मला एक फाइल दाखवली. दर महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट, ओळीनं लावलेला. "अजून काही निघालं नाही, बाई. पण हे पाच-दहा वर्षांनं निघते म्हणतात."

मी जमिनीकडं बघून सगळं सांगितलं. टेम्पो, ॲप्रन, खुंटी, सात दिवस. समिती. कठड्यावरचं ऊन मात्र सांगितलं नाही, ते सांगणं म्हणजे सूट मागणं झालं असतं. वेणूताई मुलीला कडेवर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मिटकरभाऊंनी रिपोर्टांची फाइल मिटून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "बॅजचं तोंड मशीनकडं होतं?"

"हो."

"क्षयरोगाची मोहीम होती ती. साठ छात्या रोजच्या." ते बोटांवर काहीतरी जुळवत होते. "सात दिवस. चारशे वीस. येते, बाई. सदतीस बराबर येते." त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे माया अंगावर काहीच नाही पडलं?"

"काहीच नाही, भाऊ."

ते उठले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्या बाजूनं दारापर्यंत गेले आणि वेणूताईंच्या कडेवरून त्यांनी नातीला काढून घेतलं. मुलीनं एकदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिला तो माणूस लांबून माहीत होता, त्याचा हात माहीत नव्हता. ती हातपाय झाडत आजीकडं झेपावत होती आणि ते तिला छातीशी धरून ओसरीत येरझाऱ्या घालत होते.

"उपकार झाले, बाई," ते म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "येऊन सांगितलं, लय उपकार झाले."

त्यांच्या तोंडून पाटीचा शब्दही निघाला नाही.

मी उठले. वेणूताई फाटकापर्यंत माझ्यासोबत आल्या. कडी त्यांनीच काढली.

"ते तुमाले माफ करतीन," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "केलंबी असंल. माया नवरा तसाच हाये. पण तुमी मले माफी मागू नका."

मी मागितली नाही. घरातून मुलीचं रडणं येत होतं आणि मिटकरभाऊ तिला खाली ठेवत नव्हते.